पॉवर स्टिअरिंग जड झाले? रॅक बदलण्याआधी एवढे तपासा

दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीचे स्टिअरिंग जड झाले किंवा पार्किंगच्या फरशीवर लालसर ऑईलचे थेंब दिसू लागले की गॅरेजमध्ये हमखास एक वाक्य ऐकू येते, “साहेब, रॅक गेलाय, नवा टाकावा लागेल.” नव्या रॅकची किंमत ऐकून माणूस गाडीच काढून टाकायच्या विचाराला लागतो. रॅक म्हणजे चाके वळवणारा, आत दातेरी दांडा असलेला भाग. तो कधी जातच नाही असे नाही. पण पॉवर स्टिअरिंगमधला तो बहुधा सगळ्यात महागडा भाग, आणि स्टिअरिंगच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ मात्र त्याच्या बाहेर, थोडक्यात भागणाऱ्या वस्तूंमध्ये असते. टायरमधली हवा, सैल पट्टा, जुने ऑईल, पाइपचा एखादा जोड, बॅटरीची गंजलेली अर्थिंग. तपासणी स्वस्ताकडून महागाकडे गेली तर खर्च आटोक्यात राहतो. उलट्या क्रमाने गेली तर नवा रॅक बसवूनही स्टिअरिंग जडच राहू शकते.

सगळे काम स्वतःच्या हाताने करा, असे माझे म्हणणे नाही. रॅक उतरवणे हे घराच्या अंगणात, एका जॅकवर करायचे काम नव्हेच. पण आत काय चालते हे माहीत असले की मिस्त्रीला नेमके प्रश्न विचारता येतात, आणि निम्मी तपासणी तर बॉनेट उघडून आपली आपल्यालाच करता येते.

आधी गाडीत कोणती व्यवस्था आहे ते पाहा. इंजिनाशेजारी एक छोटी टाकी आणि तिच्या झाकणावर स्टिअरिंगचे चित्र दिसले तर तुमचे पॉवर स्टिअरिंग ऑईलवर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक आहे. जुनी सुमो, स्कॉर्पिओ, क्वालिस, टवेरा, इंडिका, पहिली इनोव्हा या सगळ्या या जातीच्या. अशी टाकी नसेल आणि स्टिअरिंग तरी हलके असेल, तर ते विजेच्या मोटरवर चालते. ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन आणि आजच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्या यात येतात.

ताकद कुठून येते

स्टिअरिंग फिरवले की खालच्या दांड्याच्या टोकाचे दातेरी पिनियन फिरते, त्याच्यात अडकलेला रॅक डावीउजवीकडे सरकतो आणि दोन्ही टोकांचे टाय रॉड चाके वळवतात. हे जोडकाम पूर्ण यांत्रिक आहे. पॉवर स्टिअरिंग त्याला फक्त हातभार लावते. म्हणूनच चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तरी चाके वळतात, मात्र अंगातली सगळी ताकद लावावी लागते.

हायड्रॉलिक व्यवस्थेत हा हातभार ऑईलच्या दाबाने मिळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. त्याच्या आत छोट्या पोलादी पात्या असलेला रोटर असतो, तो ऑईल ओढून रॅककडे ढकलतो. रॅकच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. तुम्ही स्टिअरिंगवर जोर दिला की त्यातली एक बारीक सळई किंचित पिळली जाते, तेवढ्या पिळाने व्हॉल्व्हची वाट उघडते आणि ऑईल रॅकमधल्या पिस्टनच्या योग्य बाजूला जाऊन त्याला ढकलते. ही कल्पना फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. पण गिऱ्हाइकांना विकल्या जाणाऱ्या मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडले, क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये. मूळ रचना आजही तीच आहे.

एक आकडा इथे लक्षात ठेवा. टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन धरले की पंपापुढच्या पाइपात दाब हजार पीएसआयच्या वर चढतो. पुढे पाइप, सील आणि जुगाड यांबद्दल जे सांगणार आहे ते सगळे या आकड्यामुळे.

विजेची व्यवस्था त्या मानाने तरुण आहे. १९८८ मध्ये जपानात सुझुकीने सर्वो या छोट्या मोटारीत ती आणली. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर हाताचा जोर मोजतो, कंट्रोल मॉड्यूल हिशेब करते आणि मोटर तेवढी मदत देते. ऑईल नाही, पंप नाही, पट्टा नाही. त्यामुळे गळतीही नाही, पण बॅटरीवरचे अवलंबन मात्र पुरेपूर.

जडपणा कसला आहे, ते आधी ओळखा

“जड झालंय” एवढ्यावर कुणालाच निदान करता येत नाही. कधी जड, कुठल्या बाजूला जड, हे पाहावे लागते.

सगळ्यात आधी पुढच्या टायरची हवा. हवा कमी असली की स्टिअरिंग जड होतेच. पंप उतरवल्यावर हे कळण्यापेक्षा पेट्रोल पंपावर दोन मिनिटे थांबलेले परवडते. हवा बरोबर असेल तर गाडी उभी ठेवून, इंजिन आयडलवर ठेवून स्टिअरिंग फिरवा. आयडलवर जड आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबल्यावर हलके होत असेल, तर संशय पट्ट्यावर किंवा थकलेल्या पंपावर. टोकाला नेताना पट्टा किंचाळत असेल तर तो सैल झाला आहे किंवा गुळगुळीत पडला आहे. सैल पट्टा ताणायला काही खर्च नाही आणि नवा पट्टा हा या यादीतला स्वस्तातला भाग. एकाच बाजूला वळवताना जड लागत असेल तर मात्र खरोखर रॅकच्या व्हॉल्व्हकडे किंवा आतल्या सीलकडे पाहावे लागते.

घुंईऽऽ असा आवाज येतो, तो बहुतेक वेळा ऑईल कमी झाल्याचा किंवा त्यात हवा शिरल्याचा. इंजिन चालू असताना टाकीचे झाकण काढून बघा. ऑईलवर फेस दिसला, रंग दुधट गुलाबी दिसला, तर हवा आत जाते आहे हे नक्की. पुष्कळदा ही हवा टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या जाड पाइपाच्या सैल क्लिपमधून शिरते. तिथे पंप ऑईल ओढतो, दाब नसतोच, त्यामुळे बाहेर एक थेंबही गळत नाही आणि हवा मात्र आत जात राहते. पंप गेला म्हणून बदललेल्या किती गाड्यांत फक्त ही क्लिप आवळायची गरज होती, असे मला नेहमी वाटते.

वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नसेल तर ऑईलचा संबंध बहुधा नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून घट्ट झालेला असतो (कोकणातल्या आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे बरेच), खालचे बॉल जॉइंट आवळलेले असतात किंवा अलाइनमेंट बिघडलेली असते. आणखी एक कारण माणसाने तयार केलेले असते. खडखड बंद करण्यासाठी रॅकचा ॲडजस्टर (रॅक आणि पिनियनमधला सैलपणा कमी करणारा स्क्रू) कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवलेला असतो. खडखड टाय रॉड एंड किंवा रॅक एंडची (टाय रॉडच्या बाहेरच्या किंवा आतल्या जोडाची) असेल तर ॲडजस्टर कितीही आवळला तरी ती जात नाही, आणि वर स्टिअरिंग घट्ट होते.

ऑईल

इंजिन ऑईल सगळे बदलतात. पॉवर स्टिअरिंगचे ऑईल मात्र गाडी विकेपर्यंत तसेच राहते, कारण अनेक गाड्यांच्या सर्व्हिसच्या तक्त्यात ते फक्त “तपासा” एवढ्यावर सोडलेले असते. तेच ऑईल वर्षानुवर्षे तापते, त्याचा लाल रंग तपकिरी आणि मग काळा होतो, पाइपांच्या आतल्या रबराचे आणि पंपाच्या झिजेचे बारीक कण त्यात फिरत राहतात. हे कण सील खातात. पांढऱ्या टिश्यू पेपरवर एक थेंब टाकून पाहा. डाग लालसर पसरला तर ठीक, मध्ये काळा गाळ राहिला तर बदलायची वेळ झाली.

कोणते ऑईल, हे टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते, आणि तेवढेच ऐकायचे. अनेक गाड्यांत डेक्स्रॉन जातीचे लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल, चालते. होंडाच्या जुन्या गाड्यांना त्यांचे स्वतःचे ऑईल लागते. युरोपीय बनावटीच्या काही गाड्यांत हिरवे हायड्रॉलिक ऑईल असते. लाल आणि हिरवे एकमेकांत मिसळू नये. ब्रेक ऑईल तर चुकूनही टाकायचे नाही. त्याने या व्यवस्थेतली रबरी सील फुगतात आणि मग पंपापासून रॅकपर्यंत सगळेच उघडावे लागते.

बदलण्याची घरगुती रीत सोपी आहे. मेडिकलमध्ये मिळणारी मोठी सिरिंज घ्या, तिला पातळ नळी लावा, टाकीतले जुने ऑईल ओढून घ्या, नवे भरा, इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडे काही वेळा फिरवा. दोनचार दिवस गाडी वापरा आणि पुन्हा तेच करा. बहुतेक मोटारींच्या संपूर्ण व्यवस्थेत साधारण एक लिटर ऑईल असते आणि टाकीत त्याचा काही भागच, म्हणून एका फेरीत सगळे बदलत नाही. तीनचार फेऱ्यांत रंग उजळतो. पाइप सोडून एका दमात फ्लश करण्याची रीतही आहे, पण त्यात पंप क्षणभर जरी कोरडा फिरला तरी पात्या घासतात. घरी करणाऱ्याने सिरिंजवरच भागवावे.

टाकीच्या तळाशी पुष्कळ गाड्यांत बारीक जाळी असते. ती गाळाने तुंबली की पंपाला ऑईल पुरत नाही आणि नवे ऑईल भरूनही घुंई आवाज राहतो. काही टाक्यांची जाळी निघते, धुता येते. निघत नसेल तर टाकीच बदलायची. पंपापुढे ती बरीच स्वस्त पडते.

पाइप किंवा पंप उघडला असेल तर हवा काढताना घाई करू नका. पुढची चाके जॅकवर उचला, स्टँड लावा, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरावीस वेळा सावकाश फिरवा, मध्येमध्ये ऑईलची पातळी भरत राहा. बुडबुडे थांबले की मग इंजिन चालू करा. आधी स्टार्टर मारला तर पंप हवा आणि ऑईल घुसळून फेस करतो आणि तो बसायला तासन्‌तास लागतात.

गळती नेमकी कुठून

ऑईल गळते तिथेच ते टपकते असे नाही. वाऱ्याने ते मागे वाहते, चेसिसवरून ओघळते आणि भलत्याच ठिकाणी थेंब पडतो. त्यामुळे आधी सगळे पुसून, धुऊन कोरडे करा. मग इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग टोकाकडे न्यावे आणि दुसऱ्याने टॉर्चने बघावे. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरू नका, पंप तापतो.

रॅक गेलाय की नाही याची सगळ्यात खात्रीची खूण रॅकच्या टोकांवरच्या रबरी बूटात मिळते. घड्या घड्यांचा तो काळा बूट खालून हाताने दाबून पाहा. आत काही खळखळले, बूट जड लागला, तर आतल्या टोकाची क्लिप सैल करून बूटाची कड जरा उचला. ऑईलची धार बाहेर आली तर रॅकचे सील खरेच गेले आहे. बूट आतून कोरडा असेल, थोडे ग्रीस तेवढे दिसत असेल आणि पिनियनच्या बाजूने वर स्टिअरिंगच्या दांड्यापाशीही ओल नसेल, तर गळती दुसरीकडे आहे. “रॅक गेलाय” म्हणणाऱ्याला हा बूट समोर उघडून दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो.

हाच बूट फाटला असेल तर तो आजच बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात फाटक्या बूटातून चिखलपाणी आत जाते, रॅकच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक वळणाला ते खड्डे सीलला खरवडतात. अशा दांड्यावर नवे सील टाकले तरी थोड्याच दिवसांत तेही कापले जाते. रबराच्या या एका तुकड्यावर रॅकचे आयुष्य टिकते.

गळतीची दुसरी नेहमीची जागा म्हणजे दाबाचा पाइप, विशेषतः रबर जिथे धातूच्या टोपणात दाबून बसवलेले असते तो जोड. तिथे क्लिप आवळून काही होत नाही. हजार पीएसआयपुढे क्लिप म्हणजे काहीच नाही, आणि उडालेले ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आग लागू शकते. कंपनीचा पाइप महाग वाटत असेल तर एक चांगला मार्ग आहे. जेसीबी, ट्रॅक्टर आणि ऊसतोड यंत्रांचे हायड्रॉलिक पाइप बनवून देणारी दुकाने एमआयडीसीच्या आसपास असतात. ती तुमच्या जुन्या पाइपाची धातूची टोके ठेवून मधले रबर नवे टाकतात आणि मशीनवर क्रिम्प करून, म्हणजे टोके घट्ट दाबून, देतात. पाइप पॉवर स्टिअरिंगच्या ऑईलला आणि इंजिनाच्या उष्णतेला चालणारा हवा हे त्यांना स्पष्ट सांगा, लांबी आणि वळण मूळ पाइपाप्रमाणेच ठेवा, एक्झॉस्टपासून तो दूर जातो याची खात्री करा. असा पाइप बसवल्यावर टोकाला जरा गुणगुण वाढू शकते, कारण काही मूळ पाइपांच्या आत आवाज मारणारी नळी असते. त्याने बिघडत काही नाही.

रॅककडून टाकीकडे परत येणारा पाइप कमी दाबाचा असतो. तिथे ऑईलला टिकणारे रबर आणि चांगली क्लिप चालते.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल : त्यातले रसायन कडक झालेल्या सीलला थोडे फुगवते आणि मऊ करते. वयाने कडक झालेले, अगदी किंचित झिरपणारे सील त्याने काही काळ सावरते. फाटलेल्या सीलला किंवा खड्डे पडलेल्या दांड्याला त्याचा उपयोग नाही.

दुरुस्ती, जुना की नवा

पंपातून शाफ्टच्या बाजूने ऑईल येत असेल आणि आवाज नसेल तर सील आणि बेअरिंग बदलून पंप पुन्हा उभा राहतो. पात्या आणि त्यांच्याभोवतीचे कडे घासले असेल, नखाला ओरखडे लागत असतील, तर सील किटवर पैसे घालू नका. पुली काढायला पुलरच वापरायला सांगा. हातोड्याने काढलेली पुली डगमगते आणि नवे सीलही खाते.

रॅकचे सील किट शेकड्यांत मिळते, पण मजुरी आणि हात महत्त्वाचा. फक्त स्टिअरिंगचे काम करणारे कारागीर मोठ्या शहरांत असतात, रॅक त्यांच्याकडे द्यावा. दांडा गुळगुळीत असेल तर दुरुस्तीचा रॅक वर्षानुवर्षे चालतो. खड्डे असतील तर बदलणेच बरे. जुना रॅक घ्यायचा तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या सुट्या भागांसाठी आहेच, नवा घ्यायचा तर पुण्यात नाना पेठ. जुना घेताना दुकानातच दोन्ही बूट मागे सारून दांडा बघा, पिनियन हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच घट्ट किंवा सैल लागले तर सोडून द्या, बहुधा अपघातातल्या गाडीचा असेल. पार्ट नंबर जुळवा आणि पक्के बिल घ्या.

रॅक उतरवताना एक गोष्ट मिस्त्रीला आधीच बजावा. चाके सरळ ठेवून स्टिअरिंग दोरीने किंवा सीट बेल्टने बांधून ठेवायचे. एअरबॅगवाल्या गाडीत स्टिअरिंगमागे तारेची पट्टी गुंडाळलेली असते. रॅक सुटा असताना स्टिअरिंग गरागरा फिरले तर ती तुटते, एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्वस्तात केलेले काम महागात जाते.

काही भाग मात्र जुने घ्यायचेच नाहीत. टाय रॉड एंड, रॅक एंड, बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या दांड्याचा बोल्ट, कॉटर पिन. पंप बंद पडला तर स्टिअरिंग जड होते, पण टाय रॉड एंड सुटला तर चाक स्वतःच्या मनाने वळते. हे भाग नामांकित कंपनीचे आणि नवेच घ्या. बदलताना जुन्याचे आटे मोजून नवा तेवढाच बसवा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल. अलाइनमेंट मात्र करायचीच, नाहीतर टायर आतून किंवा बाहेरून झिजून वाचलेले पैसे घेऊन जातात.

विजेचे पॉवर स्टिअरिंग

डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झाले की लगेच मोटर किंवा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा आणि त्यावरची सगळी जोडणी) बदलू नका. आधी बॅटरीचा व्होल्टेज पाहा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साधारण चौदा हवा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुवा, बॅटरी ते बॉडी जाणारी अर्थिंगची तार उघडून, घासून पुन्हा आवळा. स्टिअरिंगचा मोठा फ्यूज आणि मॉड्यूलचा सॉकेट बघा. उंदरांनी तारा कुरतडलेल्या नाहीत ना, हेही पाहा. त्यानंतरच स्कॅनरवर कोड वाचायचा. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत हा दिवा लागून राहतो, त्या स्टिअरिंग एकदा दोन्ही टोकांना फिरवले की ताळ्यावर येतात.

अरुंद जागेत गाडी काढताना स्टिअरिंग वारंवार टोकाला धरले तर मोटर तापते आणि मॉड्यूल मुद्दाम मदत कमी करते. थोड्या वेळाने पूर्ववत झाले तर तो बिघाड नव्हे.

ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत मोटर आणि वर्म गिअर यांच्यामध्ये ताऱ्याच्या आकाराचे छोटे रबरी कपलिंग असते. ते झिजून चुरा झाले की खड्ड्यातून जाताना किंवा स्टिअरिंग जरासे हलवताना टक्‌टक्‌ आवाज येतो. हा तुकडा अगदी स्वस्त आहे, मजुरी कॉलम उतरवण्याची. हा आवाज ऐकून पूर्ण कॉलम बदलायला सांगितले तर आधी या कपलिंगचे नाव काढा.

वाटेत ऑईल संपले तर

हायड्रॉलिक गाडीत प्रवासात अचानक गळती झाली तर तसेच पुढे जाऊ नका. ऑईलविना फिरणारा पंप जाम होतो आणि पट्टा तोडतो. पंपाचा पट्टा वेगळा असेल तर तो काढून टाकून, जड स्टिअरिंगने, हळू वेगात जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. घाटातले वळण मात्र असे घेऊ नये, तिथे गाडी ओढून न्यावी. आणि आल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप अशा सगळ्यांना फिरवणारा एकच लांब पट्टा असेल तर तो काढता येत नाही, कारण मग इंजिन तापते आणि बॅटरीही उतरते. अशा गाडीत डिकीत योग्य जातीच्या ऑईलची एक बाटली ठेवावी, आणि गळती बारीक असेल तर पातळी भरत भरत, दर थोड्या अंतराने थांबून झाकण उघडून बघत जावे.